पायाखालची माती वाचणारा माणूस

मृदा निर्मितीचे घटक सांगा. भूगोल घेतलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो. मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, भूरचना आणि काळ. पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी, शेजारी एक आकृती काढली की गुण पक्के! पेपर संपला की आपण ते विसरायला मोकळे. पण हे पाच मुद्दे कुणी खुर्चीत बसून काढलेले नाहीत. एका माणसाने त्यासाठी हजारो किलोमीटर प्रवास केला, ठिकठिकाणी खड्डे खणले, मातीचे नमुने गोळा केले. आणि तो हे करत होता त्या काळात त्याच्या देशात पुन्हा पुन्हा दुष्काळ पडत होते. माती समजली नाही तर माणसं उपाशी मरतात, हे त्याने पुस्तकात वाचलं नव्हतं, डोळ्यांनी बघितलं होतं.

वासिली डोकुचाएव हे त्याचं नाव. मृदाशास्त्राचा जनक म्हणून जगभर त्याला ओळखतात. आपल्याकडे मात्र तो गाइडमधल्या एका ओळीपलीकडे फारसा जात नाही.

डोकुचाएव भारतात कधी आला नाही. पण त्याचं म्हणणं समजून घ्यायला तुम्हाला रशियाला जायची गरज नाही. पनवेल स्टेशनच्या पुलावर उभं राहिलात तरी पुरे. पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाची रांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, मध्ये गाढी आणि काळुंद्रे नद्यांचं खोरं आणि पश्चिमेला खाडी. जेमतेम विसेक किलोमीटरच्या पट्ट्यात लाल, तपकिरी आणि खारी अशा तीन तऱ्हांची माती इथे सापडते. ती तशी का आहे, याचं उत्तर या माणसाच्या आयुष्यात आहे.

गावच्या नदीपासून सुरुवात

डोकुचाएवचा जन्म १ मार्च १८४६चा, मॉस्कोच्या पश्चिमेला असलेल्या स्मोलेन्स्क प्रांतातल्या मिल्युकोवो या खेड्यातला. वडील गावच्या चर्चमध्ये धर्मगुरू. त्या काळी रशियात धर्मगुरूच्या मुलाने धर्मगुरूच व्हायचं, हे जवळपास ठरलेलंच असायचं. त्याप्रमाणे वासिलीचं शिक्षण आधी व्याझ्मा इथल्या चर्चच्या शाळेत आणि मग स्मोलेन्स्कच्या सेमिनरीत झालं. १८६७ साली पुढच्या धार्मिक शिक्षणासाठी तो सेंट पीटर्सबर्गला गेला. प्रवेश मिळाला, जागा मिळाली, आयुष्याची सोय झाली. आणि थोड्याच दिवसांत त्याने ते सगळं सोडून विद्यापीठात निसर्गविज्ञानाला नाव घातलं.

अ‍ॅडमिशन झाल्यावर साइड बदलण्याचा विचार तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मनात येऊन गेला असेल. घरी काय सांगायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच. तरी त्याने ते धाडस केलं.

विद्यापीठातल्या अभ्यासासाठी त्याने विषय निवडला तो आपल्या गावाजवळून वाहणाऱ्या काच्ना नावाच्या छोट्याशा नदीचा. नदीने कुठे कुठला गाळ आणून टाकलाय, त्याचे थर कसे आहेत, एवढंच बघायचं होतं. पनवेलच्या एखाद्या विद्यार्थ्याने गाढी नदीच्या गाळावर प्रबंध लिहावा, तसंच हे. विषय मोठा दिसत नव्हता, पण त्यातून त्याला एक सवय लागली. नदीची घळ दिसली की तिच्या उभ्या कापलेल्या काठाकडे बघायचं. वर काय आहे, खाली काय आहे, मधे रंग कुठे बदलतोय, हे टिपायचं.

१८७२ साली तो विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र संग्रहाचा व्यवस्थापक झाला. पगार बेताचा, पण उन्हाळ्यात फिरायची मुभा. नद्यांची खोरी कशी तयार होतात, यावर १८७८मध्ये त्याने प्रबंध लिहिला. इथपर्यंत तो चांगला भूगर्भशास्त्रज्ञ होता. मातीकडे त्याला ओढून नेलं ते दुष्काळाने.

काळ्या मातीचं कोडं

दक्षिण रशिया आणि युक्रेनच्या गवताळ प्रदेशात, म्हणजे स्टेपमध्ये, एक काळीकुट्ट माती आहे. तिला चेर्नोझेम म्हणतात, म्हणजे सरळ काळी माती. देशाचं धान्याचं कोठार तेच. १८७३ आणि १८७५ साली तिथे मोठे दुष्काळ पडले. एवढी सुपीक जमीन असताना पीक का बुडतं, ही माती नेमकी आहे तरी काय, हे शोधायचं ठरलं. फ्री इकॉनॉमिक सोसायटी या जुन्या संस्थेने हे काम डोकुचाएववर सोपवलं.

त्या वेळी मातीकडे बघायच्या दोन पद्धती होत्या. भूगर्भशास्त्रज्ञांच्या लेखी माती म्हणजे खडकाचा चुरा, खऱ्या अभ्यासाच्या वस्तूवर बसलेली धूळ. शेती रसायनवाल्यांच्या लेखी माती म्हणजे पिकाला लागणाऱ्या क्षारांचं भांडं, कमी पडलं की वरून भरायचं. चेर्नोझेम कशी झाली याबद्दलही तर्क चालले होते. कुणी म्हणे हा आटलेल्या समुद्राचा गाळ, कुणी म्हणे जुन्या दलदलीचा.

डोकुचाएवने १८७७ आणि १८७८च्या उन्हाळ्यांत काळ्या मातीचा प्रदेश पालथा घातला. दोन उन्हाळ्यांत सुमारे दहा हजार किलोमीटर! काश्मीर ते कन्याकुमारी एकदा जाऊन परत यावं त्याहून जास्त. सोबत कुदळ, फावडं, मोजपट्टी आणि नमुन्यांच्या पिशव्या. जिथे थांबेल तिथे खड्डा खणायचा, किंवा ओढ्याने कापलेला काठ तासून साफ करायचा, आणि वरपासून खालपर्यंत थर मोजायचे.

त्याच्या लक्षात काय आलं? एक, खालचा खडक बदलला तरी वर काळी मातीच मिळत होती. म्हणजे एकट्या खडकावर सगळं ठरत नव्हतं. दोन, समुद्राचा गाळ असता तर त्यात समुद्री जीवांच्या खुणा हव्या होत्या, त्या नव्हत्या. तीन, पट्ट्याच्या मध्यभागी माती सर्वांत जाड आणि काळी होती. उत्तरेला जंगल आणि ओलावा वाढला की ती फिकी होत जायची, आग्नेयेला कोरडेपणा वाढला की पुन्हा पातळ व्हायची. चार, सपाटीवर थर जाड आणि उतारावर तोच थर पातळ.

सगळे धागे एकत्र येत होते ते गवताकडे. स्टेपमधल्या गवताची दाट मुळं दरवर्षी मातीतच मरतात. हिवाळा कडक, उन्हाळा कोरडा, त्यामुळे ती पूर्ण कुजत नाहीत. अर्धवट कुजलेलं सेंद्रिय द्रव्य, म्हणजे ह्युमस, हजारो वर्षं साठत जातं आणि माती काळी होते. खडक हवा, पण हवामानही हवं, गवत हवं, जमिनीचा उतार हवा तसा हवा आणि भरपूर वेळ हवा. झाले पाच मुद्दे!

१८८३ साली त्याचा ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ आला आणि त्यावर त्याला डॉक्टरेट मिळाली. माती ही वनस्पती, प्राणी किंवा खनिज यांच्यासारखीच निसर्गातली एक स्वतंत्र वस्तू आहे, तिला स्वतःची रचना आणि स्वतःचा इतिहास असतो, हे या ग्रंथाने मांडलं. खड्ड्यातल्या थरांना त्याने ए, बी, सी अशी अक्षरं दिली. वरचा ह्युमसचा थर ए, मधला बदलाचा बी आणि खाली मूळ द्रव्य सी. आज जगातला कुठलाही मृदाशास्त्रज्ञ खड्ड्यात उतरतो तेव्हा याच अक्षरांनी सुरुवात करतो.

आता पनवेलकडे या

डोकुचाएवचा नियम आपल्या अंगणात लावून बघू. इथे तर गंमत अशी की खडक जवळपास सगळीकडे एकच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, थंड झाले आणि बेसाल्ट बनला. आपला काळा पाषाण तो हाच. माथेरान त्याचंच, प्रबळगड त्याचाच, कर्नाळ्याचा सुळकाही त्याचाच. खडक एक, मग माती एकच हवी ना?

आधी खडकाची माती कशी होते ते बघा. रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या टेकडीची कड नीट न्याहाळा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत चाललेले गोल दगड दिसतील. फटींमधून पाणी शिरतं, कडेकडेने दगड सडतो, पापुद्रे सुटतात, मधला गोळा शिल्लक राहतो. पापुद्रे अजून सडले की मुरूम, मुरूम अजून सडला आणि त्यात मुळं, गांडुळं, वाळवी, पालापाचोळा यांचं काम सुरू झालं की माती. म्हणजे आपण भरावाला ट्रकने आणतो तो मुरूम ही माती होण्याच्या वाटेवरची मधली पायरी आहे.

आता वर चढू. माथेरानहून परतल्यावर पांढऱ्या बुटांचं काय होतं, हे तुम्हाला माहीतच आहे! आठशे मीटर उंचीचं ते सपाट पठार. वर्षाला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात. सपाटी असल्यामुळे पाणी घरंगळून न जाता आत मुरतं, आणि हे लाखो वर्षं चाललेलं आहे. पाण्याने बेसाल्टमधला चुना, मॅग्नेशियम, बरंचसं सिलिका धुऊन नेलं. मागे उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजलं आणि लाल झालं. हाच जांभा. कोकणात त्याचे चिरे कापून घरं बांधतात. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोकांना तो विटांसारखा कापताना बघितलं आणि विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून १८०७मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव दिलं.

पठारावरून खाली उतरा. इथे पाऊस जवळपास तेवढाच, खडक तोच, पण उतार तीव्र. माती तयार होते आणि पाण्याबरोबर खाली जाते. तिला जागेवर म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून इथली माती उथळ आणि दगडगोट्यांची. हीच वरकस जमीन. ठाकूर आणि कातकरी वाड्यांमधले लोक इथे नाचणी आणि वरी घेत आले ते उगाच नाही.

अजून खाली, गाढीच्या खोऱ्यात, वरून धुऊन आलेलं सगळं येऊन थांबतं. माती खोल, बारीक, तपकिरी. त्यात माणसाची भर आहे. उताराला आडवे बांध घालून पिढ्यान् पिढ्या गाळ अडवला गेला. चिखलणी करून करून खाली एक घट्ट थर तयार झाला, म्हणून खाचरात पाणी टिकतं आणि भात होतो. हवामान, खडक, उतार आणि जीवसृष्टी या यादीत इथला शेतकरीही आला.

शेवटी खाडी. इथे भरतीच्या पाण्याने आणलेला चिकट गाळ, त्यावर तिवरं, आणि बांध घालून समुद्रापासून सोडवलेली खारजमीन. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि उडून जातं, मीठ वर राहतं, पांढरा पापुद्रा दिसतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याने ते धुतलं जातं, तेवढ्या चार महिन्यांत भात काढायचा. पनवेलमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती इथल्याच. आपल्या गावाचं नाव भाताच्या जातीला का आहे, त्याचं उत्तर पायाखालच्या मातीत आहे.

वरची माती खालच्या मातीला अशी बांधलेली असते. वरून जे निघून जातं, ते खाली येऊन बसतं. १९३०च्या दशकात जेफ्री मिल्न या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर हेच बघून या मालिकेला कॅटिना, म्हणजे साखळी, असं नाव दिलं. माथेरान ते पनवेल खाडी ही आपली साखळी.

आणि घाट ओलांडून तिकडे गेलात तर? खडक तोच, बेसाल्ट. पण सह्याद्रीने पाऊस अडवलेला. सोलापूरकडे तो सहा-सातशे मिलिमीटरवर येतो. एवढ्याशा पावसाने चुना आणि मॅग्नेशियम वाहून जात नाहीत. त्यांच्या सोबतीने सखल भागात एक फुगणारी चिकणमाती तयार होते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती आपली काळी कापसाची रेगूर.

इथे एक गफलत टाळा. रेगूर काळी आणि चेर्नोझेमही काळी, म्हणून दोघी बहिणी नव्हेत. चेर्नोझेमचा काळेपणा ह्युमसच्या साठ्यातून येतो. आपल्या रेगूरमध्ये सेंद्रिय द्रव्य बहुतेक ठिकाणी टक्काभराच्या आसपासच असतं. तिचा काळेपणा त्या थोड्याशा ह्युमसने चिकणमातीला घट्ट धरल्यामुळे आणि बेसाल्टमधून आलेल्या काळ्या खनिजांमुळे आहे. नुसत्या रंगावरून माती ओळखायला गेलं की फसायला होतं. डोकुचाएवचा खड्डा खणण्याचा आग्रह होता तो त्यासाठीच.

सातबारा आणि रशियन शेतसारा

ग्रंथ लिहून त्याला स्वस्थ बसता आलं असतं. पण १८८२मध्ये निझ्नी नोव्गोरोद प्रांताकडून बोलावणं आलं. काम शेतसाऱ्याचं होतं. कुठल्या जमिनीला किती कर लावायचा, हे न्यायाने ठरवायचं होतं.

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी जमीन मोजणी सुरू केली. तिच्यात मातीचा रंग, पोत आणि खोली बघून प्रतवारी ठरवली जायची. आजही घरातला सातबारा काढून बघा. जिरायत, बागायत, तरी, वरकस असे रकाने दिसतील. तरी म्हणजे भाताची, वरकस म्हणजे डोंगरउताराची. कागद महसूल खात्याचा, पण त्यात जमिनीची ठेवण उतरली आहे.

डोकुचाएवने एक पाऊल पुढे टाकलं. आधी मातीचा नैसर्गिक नकाशा करा, तिचे थर आणि गुणधर्म तपासा आणि मगच तिची किंमत ठरवा, असा क्रम त्याने लावला. तरुण विद्यार्थ्यांची फौज घेऊन चार-पाच वर्षं काम चाललं आणि अहवालाचे १४ खंड निघाले. पुढे पोल्टावा प्रांतासाठीही तसंच काम झालं. या फौजेत निकोलाय सिबिर्त्सेव होता, जो पुढे मृदाशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. व्लादिमीर वेर्नाड्स्की होता, ज्याने पुढे जीवावरणाची संकल्पना विस्ताराने मांडली. एका मास्तरने पोरांना शेतात नेऊन खड्डे खणायला लावले आणि त्यातून दोन-तीन नव्या विज्ञानशाखा उभ्या राहिल्या. फील्ड ट्रिपला दांडी मारण्याआधी हे आठवा!

१८८९च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या रशियन मातींच्या संग्रहाला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनात आयफेल टॉवर पहिल्यांदा लोकांसमोर आला होता. लोक वर बघत होते तेव्हा हा माणूस त्यांना खाली बघायला सांगत होता.

दुष्काळ परत आला

१८९१ साली स्टेपवर पुन्हा पाऊस रुसला. या वेळी आलेला दुष्काळ भयंकर होता. उपासमार आणि त्यामागून आलेल्या रोगराईने लाखो माणसं गेली. ज्या मातीला त्याने जगातल्या सर्वोत्तम मातीत गणलं होतं, तिच्यावरच माणसं अन्नाविना मरत होती.

१८९२मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. ‘आमचे स्टेप: पूर्वी आणि आता’, असं त्याचं नाव. त्याच्या विक्रीचा पैसा दुष्काळग्रस्तांसाठी होता. त्यात त्याने देवाला किंवा नुसत्या पावसाला दोष दिला नाही. गवत नांगरून काढलं, ओढ्याकाठची झाडं तोडली, घळी वाढत गेल्या, बर्फ वाऱ्याने उडून जाऊ लागला, पावसाचं पाणी मुरायच्या ऐवजी पळू लागलं. पूर्वी स्पंजासारखी असलेली जमीन पाणी धरेनाशी झाली. मग जरा पाऊस कमी झाला की पीक गेलंच. दुष्काळाचं मूळ त्याने जमिनीच्या बिघडलेल्या रचनेत दाखवलं.

नुसतं लिहून तो थांबला नाही. त्याच वर्षी सरकारी मोहीम काढून व्होरोनेझ प्रांतातल्या कामेन्नाया स्टेपमध्ये त्याने प्रयोग सुरू केला. शेतांच्या कडेने झाडांचे पट्टे लावायचे, घळींना बांध घालायचे, तळी करायची. आपल्याकडे पाणलोट विकास म्हणून जे शिकवतात त्याच्या जवळचंच हे काम. त्या वेळी लावलेले झाडांचे पट्टे आजही तिथे उभे आहेत.

पण सगळी ओझी एकटा माणूस किती दिवस वाहणार? याच काळात पोलंडमधल्या नोवो-अलेक्झांड्रिया इथल्या शेतकी आणि वनशास्त्र संस्थेची घडी नीट बसवायची जबाबदारीही त्याच्यावर होती. तिथेच १८९४मध्ये मृदाशास्त्राचं जगातलं पहिलं अध्यासन सुरू झालं. मात्र १८९५पासून त्याची तब्येत ढासळत गेली. मन थकलं, मज्जासंस्थेचा आजार जडला. १८९७ साली पत्नी अ‍ॅना कर्करोगाने गेली आणि तो खचला. नोकरी सोडावी लागली.

थोडं बरं वाटलं तेव्हा तो काय करतो? कॉकेशस पर्वतात जातो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना हवामानाबरोबर मातीचे पट्टे बदलतात, हे त्याने मैदानात बघितलं होतं. डोंगर चढताना उंचीप्रमाणेही ते बदलायला हवेत, असा त्याचा अंदाज होता आणि तो खरा निघाला. निसर्गाच्या पट्ट्यांचा हा सिद्धांत त्याने १८९९मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी त्याचा लाडका शिष्य सिबिर्त्सेव क्षयाने गेला. डोकुचाएवचा आजार पुन्हा उलटला आणि ८ नोव्हेंबर १९०३ रोजी वयाच्या ५७व्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याचा मृत्यू झाला.

आयुष्यभर त्याने लिहिलं ते रशियन भाषेत, त्यामुळे बाहेर त्याची फारशी खबर नव्हती. त्याच्या परंपरेतल्या ग्लिंकाचं पुस्तक १९१४ साली जर्मनमध्ये आलं, ते अमेरिकेत मार्बट यांनी १९२७मध्ये इंग्रजीत आणलं आणि मग जगाला कळलं. १९४१मध्ये हान्स येनी यांनी तेच पाच घटक समीकरणाच्या रूपात मांडले. आपल्या नोट्समधली यादी आली ती या वाटेने. आज नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. देशभरातल्या मातीचे नकाशे करताना तिथले शास्त्रज्ञही आधी जमिनीची ठेवण बघतात आणि मग खड्डा खणतात.

आपला काय संबंध?

संबंध सरळ आहे. १९ जुलै २०२३ची रात्र आठवा. प्रबळगडाच्या शेजारच्या इर्शाळगडाखाली इर्शाळवाडी झोपेत होती. दिवसभर कोसळणाऱ्या पावसात डोंगरावरचा दगडमातीचा लोंढा सुटला आणि वस्ती गाडली गेली. तीव्र उतारावर कठीण कातळावर सडलेल्या दगडाचा आणि मातीचा थर बसलेला असतो. तो पाण्याने जड झाला की कधी ना कधी खाली येतो. उतार आणि माती यांचं नातं हे अशा ठिकाणी जिवावर बेततं. कुठल्या उताराखाली वस्ती असावी आणि कुठे नसावी, हा प्रश्न रायगडमध्ये दर पावसाळ्यात उभा राहतो. त्याचं उत्तर द्यायला मातीची जाण असलेली माणसं लागतात. ती तुमच्या वर्गातून यायची आहेत.

दुसरी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडतेय. पनवेल, उलवे, तळोजा पट्ट्यात भाताची खाचरं मुरूम टाकून सपाट होतायत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खाडीकाठच्या सखल जागेत भराव झाला. शहर वाढणार, विमानतळ आला, तिथे नोकऱ्याही आपल्यालाच मिळणार. त्याबद्दल वाद असू शकतो. पण हिशेब तरी पूर्ण मांडायला हवा. बोटाच्या पेराएवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. खाचरातली हातभर माती अडवायला कितीतरी पिढ्या खपल्या. ती एका दुपारी चार डंपर मुरमाखाली जाते. शिवाय खाचरं, तिवरं आणि खारजमीन पावसाचं आणि भरतीचं पाणी धरून ठेवतात. ती जागा भरली की ते पाणी दुसरीकडे जाणार. डोकुचाएवने स्टेपबद्दल लिहिलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं.

तुम्ही भूगोलाचे नसाल, कॉमर्सचे असाल, इंजिनीअरिंगचे असाल, तरी एक गोष्ट करता येईल. सध्या आपल्याकडे प्रत्येक गल्लीत पायाचे खड्डे खणले जातायत. डोकुचाएवला जे खड्डे स्वतः खणावे लागले, ते आपल्याला आयते मिळतायत. पत्र्याच्या कुंपणातून लांबूनच बघा, आत उतरू नका. वरचा काळपट थर किती वीत आहे? मुळं कुठपर्यंत गेलीत? रंग कुठे बदलतो? मुरूम कुठून सुरू होतो? खाली कातळ लागला की खाडीचा चिखल? मोबाइलमध्ये फोटो काढा आणि जागा लिहून ठेवा. वर्गातल्या दहा जणांनी दहा ठिकाणचे फोटो नकाशावर लावले तर माथेरानच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतची साखळी तुमची तुम्हाला दिसेल. कॉलेजच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मिळणार नाही. फक्त उशीर करू नका, आठवड्याभरात त्या खड्ड्यात काँक्रीट पडलेलं असतं.